दहावीचा उत्क्रांतीचा धडा काढू नका, नीट लिहा

प्रति,
विज्ञान विषय समिती,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे
आणि
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय: इयत्ता दहावीच्या नव्या विज्ञान पुस्तकातील उत्क्रांतीचा भाग

स.न.वि.वि.

जाहीर वेळापत्रकाप्रमाणे दहावीचे नवे पुस्तक २०२८-२९ मध्ये मुलांच्या हाती पडायचे आहे आणि ते एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या आधाराने तयार व्हायचे आहे. घटक कोणते घ्यायचे, कशाला किती तासिका द्यायच्या, हे छपाईच्या बरेच आधी ठरते. म्हणून हे पत्र आत्ता लिहीत आहोत. पुस्तक बाजारात आल्यावर लिहिलेल्या पत्रातून फार तर शुद्धिपत्रक निघते.

सध्या आपल्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. एनसीईआरटीच्या दहावीतही याच नावाचा धडा होता. कोविडनंतरच्या सुसूत्रीकरणात त्यातली उत्क्रांती गेली आणि धड्याच्या नावात नुसती ‘आनुवंशिकता’ उरली. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या आवाहनावर सह्या करून हा भाग परत घ्या असे म्हटले. त्यावर उत्तर मिळाले की मुलांवरचा ताण कमी केला आहे, आणि उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहेच.

आहे, खरेच आहे. आपल्याही बारावीच्या जीवशास्त्रात आहे. पण तिथवर पोचतो कोण? दहावीनंतर कला, वाणिज्य, आयटीआय, पॉलिटेक्निक या वाटांनी गेलेल्या मुलाला जीवशास्त्राचे पुस्तक पुन्हा भेटत नाही. विज्ञान शाखेतही जीवशास्त्र सोडून गणिताच्या जोरावर इंजिनिअरिंगकडे जाणारी मुले आहेतच. सर्व मुले एकत्र बसून विज्ञान शिकतात असा शेवटचा वर्ग दहावीचा. उद्याचा शेतकरी, कृषी सेवा केंद्रवाला, औषध दुकानदार आणि नगरसेवक त्याच बाकांवर असतो. बारावीत ठेवलेला धडा त्यांच्यासाठी वगळलेलाच धडा असतो.

आमची पहिली मागणी, धडा दहावीतून हलवू नका. दुसरी, तो आहे तसाही ठेवू नका, कारण आत दुरुस्तीला बरेच काही आहे. आणि तिसरी, ‘दुसरी बाजू’ म्हणून धर्मकल्पना या धड्यात आणू नका. यातली दुसरी मागणी सर्वांत मोठी, म्हणून पत्रातली बहुतेक जागा तिला दिली आहे.

आधी एक प्रश्न, जो प्रत्येक वर्गात कोणी ना कोणी विचारतोच: माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला? जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, हाच मुद्दा मांडला. असे काही पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी सांगितले-लिहिलेले नाही, म्हणून डार्विनचा सिद्धांत चुकीचा आणि अभ्यासक्रमात बदल हवा, असे त्यांचे म्हणणे होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी लगेच संयुक्त निवेदन काढून ते खोडून काढले. पण निवेदन वर्गात पोचत नाही. वर्गात शिक्षक असतो, फळा असतो आणि पुस्तक असते. तेव्हा ‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातच हवे. ते विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या शेतात तयार आहे.

बीटी कापूस म्हणजे जिवाणूचे जनुक घातल्यामुळे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणारा कापूस. त्याला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा त्यात एकच विषजनुक होते. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. २००९-१० च्या सुमारास गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला दाद देत नसल्याचे सिद्ध झाले. पुढच्या पाच-सहा वर्षांत ती दोन जनुकांच्या वाणावरही जगू लागली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याचा फटका खाल्ला. ज्या मुलांच्या घरी कापूस आहे त्यांना डोमकळी, म्हणजे आत अळी असलेले न उमललेले फूल, काय असते हे सांगावे लागत नाही. पंधरा वर्षांत एका कीटकाचे गुणधर्म बदलले, आणि हे सगळे आकड्यांनिशी नोंदले गेले आहे. नैसर्गिक निवडीचे याहून जवळचे उदाहरण पुस्तकाला कुठे मिळणार?

या उदाहरणात आनुवंशिकता आणि उत्क्रांती यांची गाठ आपोआप बसते, आणि म्हणूनच धड्याचे दोन तुकडे करणे चूक आहे. प्रतिकाराचे जनुक अप्रभावी आहे असे धरा. अळीकडे त्याच्या दोन्ही प्रती असतील तरच ती बीटी बोंडात जगते. शेकडा एक जनुक प्रतिकाराचे असेल, तर दोन्ही प्रती असलेली अळी दहा हजारांत एक. आता शेजारी बिगर-बीटी कापसाच्या ओळी असतील तर त्यांत साधे पतंग शेकड्यांनी जन्मतात. बीटीतून वाचलेला एखाददुसरा पतंग त्यांच्यातच जोडीदार शोधतो, त्यांच्या पिल्लांना प्रतिकाराची एकच प्रत मिळते, आणि ती पिल्ले बीटीवर मरतात. बिगर-बीटी ओळी नसतील तर वाचलेला पतंग वाचलेल्याशीच जमतो आणि सगळी पिल्ले प्रतिकारक निघतात. आई-बापांच्या जनुकांवरून पिल्लांचे प्रमाण काढायचा, मुलांनी नववीत शिकलेला चौकट-तक्ता इथे दोनदा मांडायचा, बाकी गणित काही नाही.

नियमाप्रमाणे २० टक्के क्षेत्र किंवा कडेने पाच ओळी, यांतले जे जास्त ते बिगर-बीटी ठेवायचे होते. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचे बिगर-बीटी पाकीट दिले जाई. ते पेरले गेले नाही. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण अळीला खायला मुद्दाम कापूस लावा असे सांगताना कारण कोणी समजावले होते? शिवाय तीन गोष्टी याच दिशेने गेल्या. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कापसावरच जगते. अमेरिकन बोंडअळीला तूर-हरभऱ्याचा आसरा असतो, तसा तिला नाही. दुसरे, फरदड. हंगाम संपल्यावर पाणी देऊन पीक पुढे ओढले की अळीच्या आणखी पिढ्या त्याच विषातून गाळल्या जातात. तिसरे बारकाईचे आहे: आपल्याकडे संकरित बियाणे लावतात, त्यामुळे एकाच बोंडातल्या सरक्या वेगवेगळ्या निघतात. दोन जनुकांच्या वाणात हे प्रमाण ९:३:३:१, म्हणजे सोळातल्या एका सरकीत दोन्ही विषे नाहीत. अळी बोंडात सरकी खात फिरते, तेव्हा तिला अर्धवट मात्रा मिळते आणि एकच प्रत असलेलीही तग धरते. ९:३:३:१ पाठ करून घेतो आपण, पण ते प्रमाण बोंडात बसलेले असते हे कोणी सांगत नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून बिगर-बीटी पट्टे ठेवले, पुढे वंध्य पतंगही सोडले गेले. २०१८ मध्ये तिथल्या व्यापारी कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचे जाहीर झाले. कीटक तोच आणि विषही तेच, पण निकाल उलटा. ही तुलना पुस्तकात अर्ध्या पानात मावते. मजकूर तपासायला नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे.

आता भाषेकडे. इंग्रजी माध्यमात ‘ही तर नुसती थिअरी’ असा आक्षेप असतो. मराठीत तो मुळात टिकत नाही, कारण आपण ‘सिद्धांत’ म्हणतो आणि या शब्दातच ‘सिद्ध’ आहे. हा फायदा आपण दुसऱ्या हाताने घालवतो. ‘लॅमार्कवाद’, ‘डार्विनवाद’, ‘विकासवाद’ असे मथळे आले की मुलाला वाटते ही मते आहेत, समाजवाद-भांडवलवादासारखी, आणि आपण एक निवडायचे. गुरुत्वाकर्षणाच्या धड्याला आपण ‘न्यूटनवाद’ म्हणत नाही. मथळा ‘नैसर्गिक निवड’ एवढाच ठेवा.

‘उत्क्रांती’ हा शब्दही जरा फसवा आहे. त्यातल्या ‘उत्’मुळे वर चढण्याचा भास होतो आणि ‘क्रांती’मुळे एका फटक्यात घडल्याचा. शब्द रुळलेला आहे, बदला असे आम्ही म्हणत नाही. पण धड्याच्या पहिल्या पानावर दोन ओळी हव्यात: उत्क्रांती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या समूहातल्या आनुवंशिक गुणांचे प्रमाण बदलत जाणे, त्यात वरचा-खालचा असे काही नसते. जेवढे डोळ्यांशिवाय जगणारे गुहेतले मासे उत्क्रांत, तेवढाच गरुड.

आणि क्रियापदे तपासा. ‘जिराफाने मान लांब केली’, ‘कॅक्टसने पाणी वाचवण्यासाठी पानांचे काटे केले’, ‘जिवाणूंनी औषधाशी जुळवून घेतले’ अशी वाक्ये मराठीत सहज येतात, कारण आपल्या भाषेला कर्ता लागतो. प्रत्येक वाक्यात सजीव ठरवून काहीतरी करतो आहे. हाच तर लॅमार्कचा विचार, आणि तो पुढच्याच पानावर आपण खोडतो! तेव्हा संपादनात या धड्यापुरता एक नियम ठेवा: बदल सांगताना कर्ता एकटा जीव नसावा, समूह असावा. ‘ज्या जिवाणूंवर औषध चालले नाही ते उरले, आणि पुढच्या पिढीत तेच बहुसंख्य झाले.’ वाक्य लांबते, पण खरे होते. ‘बलिष्ठ तोच टिकतो’ हेही काढा. टिकण्याचा बळाशी संबंध असेलच असे नाही, ज्याची पिल्ले पुढच्या पिढीत जास्त तो टिकतो. बोंडात गपचूप बसलेल्या अळीला कोण बलिष्ठ म्हणेल?

चित्रांत सर्वांत आधी ती रांग काढून टाका: वाकलेले माकड, मग जरा ताठ, मग भाला घेतलेला, मग सरळ उभा माणूस. ‘माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला’ हा प्रश्न या चित्रातून जन्मतो. त्याऐवजी फांद्यांचे झाड द्या, ज्यात माणूस आणि चिंपांझी शेजारच्या दोन टोकांवर आहेत आणि फाटा साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा आहे. आजचे माकड आपले पूर्वज नाही, चुलत भावंड आहे. झाड कसे वाचायचे हेही शिकवावे लागते, कारण मुले टोके डावीकडून उजवीकडे वाचतात आणि उजवीकडचा सर्वांत प्रगत समजतात. उपाय सोपा आहे: तेच झाड दोनदा छापा, दुसऱ्यांदा एका फाट्याच्या दोन फांद्यांची अदलाबदल करून, आणि विचारा, नाते बदलले का? नाही बदलले. शक्यतो एका चित्रात माणूस मध्येच कुठेतरी ठेवा.

पुराव्यांच्या भागात पाच दुरुस्त्या सुचवतो. जोडणारे दुवे म्हणून पेरिपॅटस (वलयी आणि संधिपाद प्राण्यांमधला) आणि प्लॅटिपस (सरीसृप आणि सस्तन प्राण्यांमधला) दिलेले असतात. दोन्ही आजचे जिवंत प्राणी, ते आजच्याच दुसऱ्या गटांमधला पूल कसे असतील? पेरिपॅटसचे तर आणखी अवघड: रेणवीय पुराव्यांप्रमाणे गांडुळासारखे वलयी प्राणी कीटकांसारख्या संधिपादांपेक्षा गोगलगायीसारख्या मृदुकाय प्राण्यांना जवळचे आहेत, त्यामुळे त्या दोघांतला दुवाच उरत नाही. त्याजागी इंडोह्युस घ्या. जम्मूतल्या काळाकोटच्या खडकांतला हा सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा छोटा खुरी प्राणी. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या दगडांत तो बंद होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या कानाच्या हाडाला एका बाजूने जाड भिंत दिसली, जी एरवी देवमाशांच्या गटातच आढळते. देवमाशाचा नातेवाईक खुरांचा होता, आणि त्याचा पुरावा भारतात सापडला. टिकटालिकही घ्या. ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात मासा आणि चतुष्पाद यांच्या मधला प्राणी मिळायला हवा असे आधी ठरवून शास्त्रज्ञ कॅनडाच्या उत्तरेकडे शोधत गेले, आणि २००४ मध्ये तो मिळाला. सिद्धांत भाकीत करतो म्हणजे काय, ते यावरून कळते.

अवशेषांगांना ‘निरुपयोगी’ म्हणू नका. आंत्रपुच्छात (अपेंडिक्समध्ये) रोगप्रतिकाराला मदत करणाऱ्या लसिकाऊती असतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ‘बघा, उपयोग निघाला, म्हणजे डार्विन खोटा’ असे म्हणणाऱ्याला आपणच जागा करून देतो. अवशेषांग म्हणजे ज्याचे मूळचे काम गेले ते. शहामृगाचे पंख उडण्याच्या कामी येत नाहीत, तरी तोल सांभाळायला येतात. भ्रूणांची चित्रे एकोणिसाव्या शतकातल्या हेकेलच्या आकृत्यांवरून घेतलेली असतील तर ती काढा, त्यांत साम्य वाढवून दाखवले होते. आजचे फोटो वापरा. साम्य त्यांतही दिसते, फक्त प्रामाणिकपणे दिसते.

आणि कार्बन वयमापन. सध्याच्या धड्यात त्याची चौकट आहे आणि ती वाचून मुले डायनोसॉरचे वयही कार्बनने काढतात. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५,७३० वर्षे. दहा अर्धायुकालांनी मूळच्या हजाराव्या भागाइतकाच उरतो, म्हणून पन्नास हजार वर्षांपलीकडे त्याचा उपयोग नाही. जुन्या जीवाश्मांसाठी त्यांच्या वरच्या-खालच्या ज्वालामुखी थरांतले पोटॅशियम-अरगॉन किंवा युरेनियम-शिसे मोजतात. सह्याद्रीतल्या शाळांनी तर खिडकीतून दिसणाऱ्या खडकाचेच उदाहरण घ्यावे. दख्खनचा काळा पाषाण याच पद्धतींनी मोजून सुमारे ६.६ कोटी वर्षांचा निघतो. त्याच जुन्या जगाची एक खूण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची. तिथल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर गवत डायनोसॉरांनंतरचे समजत. विज्ञान आपली चूक कशी दुरुस्त करते ते सांगायला यापेक्षा वेगळे उदाहरण नको, आणि ‘विष्ठा’ म्हटल्यावर शेवटचा बाकही जागा होतो.

कृती दोनच द्या, पण करता येतील अशा.

पहिली निवडीची. साहित्य: मूग, मटकी, उडीद, प्रत्येकी ३० दाणे, आणि मीटरभर लांब-रुंद हिरवे छापील कापड. दाणे कापडावर पसरायचे. चार मुले पक्षी होतात. प्रत्येकाने एका हाताने एकच दाणा उचलायचा, वाटीत टाकायचा, मान वर करायची, मग पुढचा. ६० दाणे खाल्ले की थांबायचे. उरलेल्या तिसांतल्या प्रत्येकाला दोन पिल्ले, त्याच जातीची, म्हणजे पुन्हा ९०. अठरा मूग, आठ मटकी, चार उडीद उरले तर पुढची पिढी ५४, २४, १२. अशा तीन पिढ्या ३५ मिनिटांत होतात, दाणे आधीच दहादहाच्या पुड्यांत मोजून ठेवले असतील तर. नाही तर तासिका मोजण्यातच जाते.

बिघडते कुठे? काबुली चण्यासारखा मोठा दाणा घेतला तर रंगाऐवजी आकाराची निवड होते, म्हणून हे तीन, जवळपास एकाच मापाचे. पॉलिश केलेला उडीद चमकतो आणि रंगामुळे नव्हे, चमकेमुळे पकडला जातो. कापड एकरंगी आणि गुळगुळीत असेल तर दाणे सुरकुतीत जमतात. मुले मुठीने उचलू लागली की निकाल शून्य. एका गटाला मात्र मुद्दाम डोळे मिटून उचलायला सांगा. त्यांच्याही आकड्यांत चढउतार होतील, पण तीन-चार गटांची तुलना केली की दिशा दिसणार नाही. निवड आणि योगायोग यांतला फरक व्याख्येने कळत नाही, या तक्त्याने कळतो. शेवटी कापड बदलून मातकट घ्या आणि शेवटच्या पिढीपासून पुढे खेळा. शिक्षक हस्तपुस्तिकेत एक ओळ ठळक छापा: ‘मूग लपायला शिकले’ असे मूल म्हणाले तर तिथेच थांबून विचारा, कोणता दाणा शिकला?

दुसरी काळाची. ४६ मीटर सुतळी, मैदानावर. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षे, एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख, एक मिलिमीटर म्हणजे एक लाख. ‘आज’च्या टोकापासून मागे मोजत कपड्यांचे चिमटे लावायचे. सर्वांत जुने खात्रीचे सूक्ष्मजीव ३५ मीटरवर, टिकटालिक पावणेचार मीटरवर, डायनोसॉरांचा अंत ६६ सेंटिमीटरवर, चिंपांझीशी फाटा सहा-सात सेंटिमीटरवर, आपली जात तीन मिलिमीटरवर. शेतीची दहा हजार वर्षे कागदाच्या जाडीएवढी. पृथ्वीच्या जन्माच्या टोकाकडून मोजायला सुरुवात केली की गोंधळ होतो, आणि मैदान लहान म्हणून सुतळी एक मीटरवर आणली तर माणूस दिसेनासाच होतो. मैदान नसेल तर सुतळी व्हरांड्यात नागमोडी टाका, पण लांबी कमी करू नका.

या सगळ्याला बारा तासिका लागतात. त्या नसतील तर हार्डी-वाइनबर्गचे जनुकप्रमाणांचे सूत्र वगैरे बारावीला राहू द्या, लॅमार्कला दोन परिच्छेदांत आटपा, पण निवडीच्या तीन तासिका कापू नका.

परीक्षेचे काय? ‘टीप लिहा: अवशेषांगे’ हा प्रश्न जोवर येत राहील तोवर अपेक्षित प्रश्नसंचच पाठ होतील, पुस्तक कितीही चांगले असो. नमुना म्हणून असा प्रश्न द्या: एका गावात सलग सहा हंगाम बोंडअळीने पोखरलेल्या बोंडांची टक्केवारी तक्त्यात दिली आहे. (अ) वाढीचे कारण नैसर्गिक निवडीच्या भाषेत सांगा. (आ) ‘अळ्यांना विषाची सवय झाली’ हे वाक्य दुरुस्त करा. (इ) बिगर-बीटी ओळी लावल्या असत्या तर पुढच्या पिढीत काय झाले असते ते चौकट-तक्त्याने दाखवा. पाच गुण. (आ) ला पूर्ण गुण मिळवणारे मूल धडा समजले आहे, असे खुशाल धरा.

राहिली ‘दुसरी बाजू’. हा मार्ग अमेरिकेने तपासून झाला आहे. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावात उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला. पुढे बंदी टिकेना, तेव्हा ‘दोन्ही शिकवा’ असे कायदे आले. लुइझियानाचा तसा कायदा १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मग सृष्टिनिर्मितीवादाचे नाव ‘बुद्धिमान रचना’ झाले. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या खटल्यात एका पूरक पुस्तकाचे जुने मसुदे कोर्टात आले. १९८७ नंतरच्या मसुद्यात ‘क्रिएशनिस्ट्स’ पुसून ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ घालताना एका जागी जुन्या शब्दाचे तुकडे तसेच राहिले होते: ‘सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स’. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी हे विज्ञान नव्हे, असा १३९ पानी निकाल दिला. शाळा मंडळाला विरुद्ध पक्षाच्या वकिलांपोटी दहा लाख डॉलर मोजावे लागले.

आपल्याकडे हा आग्रह दशावताराच्या रूपाने येतो. २०१९ च्या सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावतार डार्विनपेक्षा सरस असल्याचे सांगितले होते. मत्स्य, कूर्म, वराह या क्रमातले साम्य जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासारख्या जीवशास्त्रज्ञालाही जाणवले होते. मराठीच्या किंवा इतिहासाच्या पुस्तकात, दशावतारी नाटकाच्या ओघात, त्यावर जरूर लिहा. विज्ञानाच्या धड्यात मात्र अडचण दुहेरी आहे. कोणता पुरावा मिळाला तर ही कल्पना चूक ठरेल, हे कोणी सांगू शकत नाही. आणि ती पुन्हा तीच रांग शिकवते. अवतार एकामागून एक येतात, सजीवांना फांद्या फुटतात. कासव आले म्हणून मासे संपले नाहीत. शिवाय एकाची कथा घेतली की बायबल आणि कुराणातल्या निर्मितिकथा कोणत्या कारणाने नाकारणार? पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नको, असे राज्यघटनेचे कलम २८ सांगते, तेवढे कारण पुरे आहे.

मुलाने ‘देवाने केले ना सगळे?’ असे विचारले तर शिक्षकाने काय म्हणावे, हे हस्तपुस्तिकेत लिहून द्या. नाही तर एक जण खिल्ली उडवतो आणि दुसरा धडाच उरकतो. आमच्या मते उत्तर एवढे पुरे: ‘ते घरी विचार. इथे आपण बदल कसा होतो ते मोजतो आहोत. मोजलेले पटत नसेल तर पुन्हा मोजू.’ वर्गात देव विरुद्ध डार्विन अशी वादस्पर्धा घेऊ नये, हेही त्यात हवे. वादस्पर्धेत पुराव्यापेक्षा आवाज जिंकतो. मिशनरी शाळांतल्या शिक्षकांसाठी एक माहिती उपयोगी पडेल: १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक राहिलेले नाही असे म्हटले आहे.

शेवटची विनंती कामकाजाची. या धड्याचा मसुदा तयार झाला की तो बालभारतीच्या संकेतस्थळावर टाका, चित्रांसकट. नुसता मजकूर नको, कारण चुका चित्रांतच जास्त असतात. हरकतींसाठी सहा आठवडे द्या, आणि ते सहा आठवडे मे महिन्यात किंवा बोर्डाच्या पेपर तपासणीच्या काळात येणार नाहीत एवढे पाहा. ग्रामीण शाळांतल्या शिक्षकांना केंद्रप्रमुखांमार्फत छापील प्रत मिळावी. वरच्या दोन्ही कृती आधी किमान वीस शाळांत करून पाहाव्यात, त्यांतल्या निम्म्या पट साठच्या वर असलेल्या. साठ मुलांत चार पक्षी पुरत नाहीत, पंधरा गट करावे लागतात, आणि मग प्रश्न येतो पंधरा कापडांचा. त्याऐवजी जुन्या छापील ओढण्या चालतात.

कळावे,

आपले नम्र,
दहावीला विज्ञान शिकवणारे काही शिक्षक